मागच्या ओळीतला रविराज

"गुंडू, तोंडात काय आहे?"

"काय न्हाय, बाई."

"न्हाय नाही. नाही म्हण."

"काय नाही, बाई," गुंडू ओठ न उघडताच म्हणाला आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

जया तर चुगलीला टपलेलीच होती. "तंबाखू हाय बाई! घरात पण ऐकत न्हाय ह्यो. सांगून सांगून माझं त्वांड दुखलं." गुंडूला असं चारचौघांत बोलायची संधी तिला एरवी कुठं मिळायची!

"थुंकून ये. आणि आल्यावर मांडी घालून बस. पाय पसरून नाही."

गुंडू कुरकुरत उठला, बाहेर जाऊन आला आणि जागेवर बसून त्यानं पुन्हा पाय पसरले. बाई तोवर विसरल्या होत्या.

मनिषाबाईंचा वर्ग हा असा. वडगावच्या त्या गल्लीतली यंत्रमागांची खडखड संध्याकाळी थांबली की भरायचा. त्याआधी बाईंचा आवाज कुणाला ऐकूच आला नसता. खिळ्याला टांगलेला फळा, खाली सतरंजी, आणि पहिल्या ओळीत मॉनिटर सौम्या. दिवसभराचा गणवेश तिच्या अंगावर तसाच असायचा.

सौम्यानं सगळ्यांना आधीच दम देऊन ठेवला होता. "बाई विसरत्यात. कुणी हसायचं न्हाय, कुणी चूक काढायची न्हाय. ज्यो हसला त्यो वर्गाभाईर."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव अल्झायमर सांगितलं होतं.

"पण त्यो तर म्हाताऱ्यांना होतोय की गं," जया तेव्हा म्हणाली होती.

बाई अडतीस वर्षांच्या होत्या. वेणी अजून काळीभोर, कमरेपर्यंत. निपाणीच्या शाळेत शिकवलेल्या कविता धडाधड म्हणायच्या, पाढे तर एकोणतीसपर्यंत. नावं मात्र हातातून निसटायची. हजेरीला त्या एकेका चेहऱ्याकडं बघून थांबल्या की सौम्या खाली बघत हळूच नाव पुटपुटायची. मग बाई खणखणीत आवाजात तेच नाव घ्यायच्या, जणू मघापासून त्यांच्या ओठांवरच होतं.

सगळ्यात मागं, भिंतीला टेकून, रविराज बसायचा. उंच होता ना, पुढं बसला असता तर फळा कुणाला दिसला नसता.

अकराचा पाढा त्याला झोपेतही आला असता. तरी रोज तो एकाच जागी अडखळायचा.

"अकरा सक पासष्ट."

"किती?"

"पासष्ट, बाई."

"मुद्दाम चुकतोय ह्यो!" गुंडू ओरडायचा. "पक्का डांबिस हाय, मला म्हाईत हाय न्हवं!"

रविराजला शिक्षा व्हायची. सगळे गेले की तो मागं थांबायचा. बाई शेजारी येऊन बसायच्या, त्याच्या मुठीवर आपला हात ठेवायच्या आणि पाटीवर सहासष्ट गिरवून घ्यायच्या. त्यांच्या बोटांना खडूचा वास यायचा, केसांना खोबरेल तेलाचा. रविराज श्वाससुद्धा हळू घ्यायचा. न जाणो, हात उचलला तर?

दुसऱ्या दिवशी बाईंना यातलं काही आठवायचं नाही. परत अकराचा पाढा, परत पासष्ट.

पण त्या दिवशी वर्ग भरायच्या आधी त्यानं सौम्याला दारातच गाठलं.

"आज माझं नाव सांगू नको गं."

"आणि न्हाय आठवलं तर?"

"आठवंल."

"पण न्हाय आठवलं तर?"

रविराज सतरंजीची दुमडलेली कड सरळ करत राहिला. "कायम तू सांगतीस, मग तोंडात येतंय. एकदा तरी आपसूक येऊ दे की. एकदाच."

सौम्यानं मान डोलावली. "ठीक हाय. पण मग तोंड पाडून बसायचं न्हाय, आधीच सांगतीया. मला न्हाय चालणार."

"न्हाय पाडणार."

हजेरी सुरू झाली. सौम्या पुटपुटली तशी जया झाली, गुंडू झाला, शेजारचा स्वरूप झाला. प्रत्येकानं "हजर बाई" म्हटलं. मग बाईंची नजर मागच्या भिंतीपर्यंत पोचली.

सौम्यानं दोन्ही ओठ दातांत धरले.

रविराज ताठ बसला होता. शर्टाचं वरचं बटण आज लावलेलं, केस ओले करून बसवलेले. बाई त्याच्याकडं बघत होत्या. बघता बघता त्यांच्या कपाळावरची आठी गेली, चेहरा उजळला, ओठ हलले. रविराज नकळत गुडघ्यांवर उठला.

"तू..." बाई म्हणाल्या. "तू नवीन आहेस का रे?"

गुंडूला उगाच खोकला आला. जयानं पदर तोंडाला लावला. सौम्यानं घाईघाईनं मागं वळून पाहिलं. आता तरी सांगू का, असं तिचे डोळे विचारत होते. रविराजनं मान हलवून नको म्हटलं. आणि खरंच, त्यानं तोंड पाडलं नाही.

"व्हय बाई. आजच आलोय."

"फार उशिरा आलास. वर्ष संपत आलं."

"व्हय बाई. चुकलंच."

"नाव काय?"

"रविराज."

"रविराज," बाई सावकाश म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, चव घेतल्यासारखं, "रविराज. छान आहे. पुढं ये बघू. इतक्या लांब बसलास तर मला दिसणार कसा?"

तो उठला. सौम्यानं सरकून जागा दिली. बाई त्याच्यासमोर वाकल्या, आणि नवीन आलेल्याची भीड मोडावी म्हणून विचारतात तसं, अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "घाबरायचं नाही हं. सांग, तुझ्या घरी कोण कोण असतं?"

"आप्पा, म्हंजे गुंडू. आई, म्हंजे जया. पोरगी, म्हंजे सौम्या," रविराज म्हणाला. "आणि तुम्ही."