चौथी पेटी

एहसानने पेढ्यांचा पुडा पुढे केला. धोंडाबाईंनी तो घेतला नाही.

"सुतक हाय, बाळा," त्या म्हणाल्या. "गोड चालायचं न्हाई."

तेव्हा कुठे त्याने त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं. मग आत पाहिलं. रखमाजींची घोंगडी वळणीवर होती आणि ते जिथे बसत त्या कोपऱ्यात पणती जळत होती. मागच्या दारी भावकीतली कुणी बाई भांडी घासत होती. वाटेत एहसानला एकही माणूस भेटला नव्हता. सगळं गुंजवणे गाव भातलावणीला गेलेलं. कुणी भेटलं असतं तर पुडा पिशवीतच राहिला असता.

"कधी?"

"गुरवारी. पहाटंच्या पारी."

एहसान भोरचा. पुण्याच्या कॉलेजात तो बिनतारी जाळ्यांवर संशोधन करत होता. इथल्या डोंगरात तेव्हा मोबाईलला रेंज नव्हती आणि फोनच्या तारा पावसाळ्यात टिकत नव्हत्या. म्हणून त्याने घरांच्या छपरांवर लहान लहान पेट्या बसवल्या होत्या. एका पेटीने दुसरीला निरोप द्यायचा, दुसरीने तिसरीला. डोंगरापलीकडच्या तीन गावांतल्या नर्सबाई त्यावरूनच वेल्ह्याच्या डॉक्टरांना विचारून औषध देत.

चौथी पेटी रखमाजींच्या छपरावर होती. त्यांचं एकटं घर डोंगराच्या सोंडेवर, तिथून दोन्ही बाजूंची खोरी दिसत. पेटीला ना पडदा, ना बटण. सोलरच्या बॅटरीची एक वायर तेवढी भिंतीवरून खाली आलेली. ती निघाली की पलीकडची तिन्ही गावं मुकी होत आणि एहसान मोटारसायकलवरून संध्याकाळच्या आत हजर होई. एकदा ती बोकडाने खाल्ली. एकदा धोंडाबाईंनी तिच्यावर लुगडं वाळत घातलं. आणि एकदा तो घामाघूम होऊन पोचला, तर रखमाजी ओट्यावर त्याची वाट बघत बसलेले.

"म्याच काढली," ते म्हणाले. "गाय व्यालीया. खरवस केलाय. तुला सांगावा धाडायचा तरी कुनासंगं?"

"आजोबा, तिकडं तीन गावं बंद पडलीत."

"मग खा की बिगीबिगी."

पुण्यात सरांना ही गंमत सांगितली तेव्हा सर हसले, पण मग म्हणाले, "एका म्हाताऱ्याच्या मर्जीवर जाळं चालवणार आहेस का?" ते त्याला लागलं. त्या उन्हाळ्यात त्याने समोरच्या डोंगराच्या धारेवर आणखी दोन पेट्या चढवल्या. प्रत्येक पेटीला आजूबाजूच्या सगळ्या पेट्यांची ओळख करून दिली. आता एखादी बंद पडली तरी निरोप आपला आपण दुसरी वाट शोधणार होता. पेटी बंद पडल्याचं गावात कुणाला कळणारसुद्धा नव्हतं. त्याच्या प्रबंधाचा गाभा तोच होता.

रखमाजींना हे सांगायला म्हणून तो मे महिन्यात दोनदा वर आला. दुसऱ्या खेपेला त्यांच्याकडे पाहुणे होते. रखमाजी छपराकडे हात करून त्यांना सांगत होते, "तीन गावं माझ्या आढ्यावर हायेत." आता तुमच्यावाचून अडत नाही, हे त्या माणसाला कसं सांगायचं? एहसान पाणी प्यायला आणि तसाच उतरला. कळून तरी त्यांना काय करायचंय, असं त्याने मनाशी म्हटलं.

गेल्या मंगळवारी सकाळी भोरला, त्याच्या कॉम्प्युटरवर, चौथ्या पेटीची खूण तांबडी झाली, म्हणजे पेटी बंद. तो सरसावून बसला. पुढच्याच मिनिटाला नर्सबाईंचा निरोप समोरच्या धारेवरून वळसा घेऊन नीट वेल्ह्याला पोचला. एहसान खुर्चीतून उठून उभा राहिला. ढगाळ हवेने बॅटरी उतरली असणार. त्याने सरांना फोन लावला.

"हात लावू नकोस," सर म्हणाले. "किती दिवस निभतंय ते बघू."

आठ दिवस निभलं. एकही निरोप हरवला नाही. म्हणून पेढे.

त्याची नजर भिंतीकडे गेली. वायर तुटलेली नव्हती. तिची नीट गुंडाळी करून कुणीतरी खुंटीला अडकवली होती.

"म्या काढली ती," धोंडाबाई म्हणाल्या. "मंगळवारी सकाळच्याला ह्यांच्या छातीत कळ आली. माझ्या गुडघ्यानं खाली उतरवत न्हाई, आन् त्या पावसात हाळी कुठवर जायाची? हे म्हनले, वायर काढ. सांजंपातूर येतोय त्यो."

एहसान ओट्यावर बसला. पुडा त्याच्या हातातच होता.

"मंगळवारी दारातच बसले. बुधवारी बी. मोटारसायकल वाजली आसं लई येळा वाटलं. गुरवारी दुपारी गावातला हनुमंत गुरं हुडकत वर आला, पर तवर सपलंच व्हतं."

मला दिसलं होतं, असं त्याला म्हणायचं होतं. तेवढे तीनच शब्द होते.  धोंडाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. उतरलेला चेहरा, खाली गेलेली मान. त्या जवळ सरकल्या.

"म्या चिडले व्हते तुझ्यावर. खोटं कशाला बोलू? पर हे म्हनले, आगं, पोरगंच आजारी पडलं आसंल. त्याबिगर ऱ्हायचं न्हाई ते."

त्यांनी आपला खरखरीत हात त्याच्या कपाळावर ठेवला.

"ताप उतरला का रं तुझा?"