माझ्या आधी

केशोरीत नेट टिकत नाही, म्हणून बोललेलं लिहून देणारं एआय मॉडेल लॅपटॉपवरच चालवायचं होतं. सकाळपासून त्यासाठी लागणारं पायथन सॉफ्टवेअर बसवत होते आणि दर वेळी नवीच एरर. माझं टाळकं सटकलं होतं. मागे खाटेवर बाबा निवांत घोरत होते.

दुपारी ते एकदाचं सुरू झालं. मी तोंडही उघडलं नव्हतं, तरी स्क्रीनवर उमटलं: ‘काऊन छळून राहिला रे मुडद्या?’

संतापून मी ओरडले, तर तोंडून नेमकं तेच निघालं.

मी माइक उपटला. तरी पुढची ओळ आली: ‘विहिरीत फेकीन तुले!’ तेही माझ्या जिभेवर तयार होतं.

मी दात आवळले. आता एक शब्द बोलणार नाही, लिही काय लिहायचं ते!

त्यानं लिहिलं: ‘बाबा, उठा ना! बाबा!’

मागचं घोरणं थांबलं होतं.