एप्रिल ते ऑक्टोबर

बुर्गीने तिच्या टायरच्या दुकानातला फ्रीज उघडला, चीजच्या डब्याशेजारचे रबराचे दोन तुकडे काढले आणि ओटमारच्या हातात ठेवले.

"वाकव."

ओटमारने पहिला तुकडा वाकवायला घेतला. तो लाकडी पट्टीसारखा अडून बसला. दुसरा मात्र मुकाट्याने दुमडला.

"पहिला उन्हाळी टायरचा, दुसरा थंडीच्या टायरचा," तो म्हणाला. "सात अंशांच्या खाली उन्हाळी रबराचा दगड होतो आणि ते रस्ता धरत नाही. अकरा वर्षं ऐकतोय, बुर्गी."

"अकरा वर्षं ऐकतोयस आणि एकदाही घेतला नाहीस."

खरंच होतं ते. ऑक्टोबर ते ईस्टर थंडीचे टायर, हा आमच्या खोऱ्याचा रिवाज. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी बुर्गीच्या दुकानाबाहेर गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत ओटमारची रुपेरी स्पोर्ट्स कारही दर वर्षी असायची. तो सगळे टायर चाचपायचा, नक्षीत नख घालून खोली बघायचा, कॉफी प्यायचा आणि हात हलवत घरी जायचा. त्याच्या नंबरपाटीच्या कडेलाच लिहिलेलं होतं, वर चार, खाली दहा. चौथा महिना ते दहावा. तेवढेच महिने ती गाडी रस्त्यावर आणायची परवानगी. उरलेले पाच महिने ती गॅरेजात, निळ्या पांघरुणाखाली. हिवाळ्यात खिंडीच्या रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि मीठ पत्रा खातं. ओटमारच्या गाडीने आजवर मिठाचा कणही पाहिला नव्हता.

"या वर्षी घेतोय," ओटमार म्हणाला. "सतरा जानेवारीला फिनी आठ वर्षांची होतेय. मला जायचंय."

 फिनी ही ओटमारची नात. खिंडीपलीकडे, दीड तासावर राहायची. उन्हाळ्यात तो दर रविवारी जाऊन तिला शेजारी बसवून फिरवून आणायचा. वाढदिवसाला मात्र एकदाही गेला नव्हता. चार वर्षांची असताना तिने फोनवर कारण विचारलं, तेव्हा गाडीला मीठ लागेल हे सांगायची त्याला लाज वाटली. त्याने ठोकून दिलं, तुझे आजोबा अस्वलासारखे हिवाळाभर झोपतात. पोरीला पटलं. शाळेत कुणी हसलं तर ती भांडायची.

"मग माझी व्हॅन घेऊन जा की," बुर्गी म्हणाली. "टायर चढवलेलेच आहेत. आणि मिठाची तिला सवय आहे, जशी मला तुझी."

"नको. हीच न्यायचीय."

"अरे, चारशे घोड्यांची ताकद, ती सगळी मागच्या दोन चाकांवर, आणि जानेवारीतली खिंड. या वयात ही कसली हौस?"

"हौस नाही. टायर दाखव."

तिने दोन टायर शेजारी शेजारी उभे केले. एक ऐसपैस रुंद. दुसरा बारकासा.

"हा रुंद दिसायला देखणा, चाकाची कमान भरून टाकतो. पण ताज्या बर्फावर फळीसारखा तरंगेल. हा अरुंद बर्फ कापून खालच्या रस्त्यापर्यंत पोचतो. तुझ्या गाडीच्या कागदांत चालणारं सगळ्यात लहान माप आहे, ब्रेकवर जेमतेम बसेल. फक्त गाडी कशी दिसेल सांगू? पैलवानाने शाळकरी पोराचे बूट घातल्यासारखी."

ओटमारने रुंद टायरवरून हात फिरवला. फिरवतच राहिला. शाळेत दोघं एका बाकावर बसायचे. एखादी गोष्ट सोडवेनाशी झाली की त्याचा हात असा रेंगाळतो, हे बुर्गीला तेव्हापासून ठाऊक होतं.

"अरुंद बसव," तो म्हणाला.

"काचेजवळ चिठ्ठी चिकटवावी लागेल. या टायरवर दोनशे चाळीसच्या पुढे जायचं नाही."

"बरं."

"तू कधी नव्वदच्या पुढे गेलायस का रे?"

"एकदा. उतार होता."

बुर्गी खो खो हसली आणि जॅक ओढत गाडीपाशी गेली. तिथे तिला पाटीवरचे आकडे दिसले. "आणि ही पाटी? एक नोव्हेंबरलाच पोलीस अडवतील तुला."

ओटमारने शेजारच्या सीटवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी पाटी काढली. तिच्या कडेला कुठलाच महिना नव्हता.

आता बुर्गी हसली नाही. तिने जॅक खाली ठेवला. "ओटमार, एका हिवाळ्यात हिला खालून गंज धरेल. रुमालाने पुसून जपलीस तू ही गाडी. ऐक माझं, व्हॅन ने. पोरीला तू हवायस. तू कशातून येतोस याच्याशी तिला काय करायचंय?"

ओटमारने कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "महिन्यापूर्वी तिने पाठवलं. मी फ्रीजवर लावलं होतं. रोज बघत होतो, पण दिसलं काल."

बुर्गीने चष्मा चढवला. रंगीत पेन्सिलीने काढलेलं गॅरेज होतं. बाहेर बर्फ. आत एक रुपेरी गाडी, निळं पांघरूण काचेपर्यंत ओढलेलं. तिच्या पुढच्या दिव्यांना पापण्या काढल्या होत्या, आणि त्या गाढ मिटलेल्या होत्या. शेजारी स्टुलावर ओटमारची टोपी घातलेलं म्हातारं अस्वल बसलं होतं, टक्क जागं.

"झोपते ती गाडी, हे पोरीला कळलंय," ओटमार म्हणाला, "म्हणून तिलाच उठवून न्यायचीय."