जड स्टिअरिंग

बॉनेटखालून आईचा आवाज आला. "बसलीस का?"

"बसले," मुलगी ड्रायव्हरच्या सीटवरून म्हणाली. "पण अजूनही सांगते, गॅरेजला टाक गाडी. तासाभराचं काम आहे."

"काम तासाभराचं आणि हेलपाटे आठवडाभर. मीच करणार." आईनं डोकं वर काढलं. अंगात वडिलांचा जुना शर्ट, बाह्या दुमडलेल्या आणि कपाळावर आत्ताच एक काळा पट्टा. "वळताना म्हैस रेकल्यासारखा आवाज येतो. स्टिअरिंगचं ऑइल गेलंय कामातून, दुसरं काय?"

पायरीवर पेपर वाचत बसलेले वडील म्हणाले, "हे जमलं की विमानं घ्यायला लागू दुरुस्तीला."

"तुम्ही वाचा."

आईचं हे असंच होतं. एकदा मनात आलं की ब्रह्मदेव आला तरी हलायची नाही. सकाळपासून तिनं जॅक लावून गाडीची पुढची चाकं उचलली होती, खाली लोखंडी घोड्या दिल्या होत्या, मागच्या चाकांना विटा लावल्या होत्या. ऑइलची नवी बाटली, रबरी नळी जोडलेली मोठी सिरिंज, जुनं ऑइल टाकायला काळा डबा, चिंध्या, एवढंच सामान. स्टिअरिंग फिरवायला एक माणूस हवं होतं. वडिलांची पाठ धरलेली, म्हणून मुलीला बसवलं होतं.

मुलगी अ‍ॅम्ब्युलन्स चालवायची. त्या हॉस्पिटलात ही नोकरी करणारी ती पहिलीच बाई. आई हे ओळखीच्यांना सांगायचीच, अनोळखी लोकांनाही सांगायची. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका टेम्पोनं वळणावर तिच्या अ‍ॅम्ब्युलन्सला ठोकलं आणि मुलीचं डावं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण हात तसाच मांडीवर पडून असायचा. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू कपाटात धूळ खात होता. कामावर कधी येतेस, असं हॉस्पिटलमधून विचारलं की ती म्हणायची, "बघू."

"जुनं काढलं, नवं भरलं," आई म्हणाली. "आता फिरव. इंजिन बंदच ठेव. डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे शेवटपर्यंत. आत अडकलेलं जुनं ऑइल बाहेर यायला हवं."

मुलीनं उजव्या हातानं स्टिअरिंगचं चाक ओढलं. ते अर्ध्यावर येऊन अडलं.

"जड आहे गं."

"म्हणून तर खटाटोप चाललाय. हळूहळू फिरव. झटका देऊ नकोस, नाहीतर सगळं ऑइल माझ्या तोंडावर."

चाक परत निसटू नये म्हणून मुलीनं डावा हात नुसता टेकवला. मग धरला. डावीकडे, उजवीकडे. मनगटात कळ आली, तिनं ओठ चावला.

"थांब," आई लगेच म्हणाली. "मला सिरिंज भरू दे."

अशा फेऱ्या झाल्या. काढायचं, भरायचं, फिरवायचं, थांबायचं. उघड्या बॉनेटमुळे मुलीला पुढचं काही दिसत नव्हतं.

"रंग कसा आहे?" तिनं विचारलं.

"शाईसारखा. अजून दोन-चारदा लागेल."

"एवढं असतं होय आत?"

"जुनी गाडी आहे बाई. हट्टी आहे. सहजासहजी सोडत नाही."

वडील पेपरामागे खोकले.

ऊन वर चढलं. मुलीला कपाळावरचा घाम पुसायचा होता, तिनं उजवा हात सोडला आणि चाक डाव्यानं तसंच फिरवत राहिली. ते तिच्या ध्यानातही आलं नाही. आई बॉनेटच्या फटीतून बघत होती.

शेवटी आईनं झाकण घट्ट लावलं, घोड्या काढल्या आणि गाडी जमिनीवर टेकवली. इंजिन चालू केल्यावर मुलीनं चाक फिरवलं. लोण्यात सुरी फिरावी तसं ते फिरलं. आवाजाचं नाव नव्हतं.

"आई, झालं की. खरंच झालं."

"मग काय, गंमत वाटली?" आईनं हात पुसले. तिचा चेहरा असा फुलला होता, जणू इंजिन तिनंच घडवलंय. कुंपणापाशी आलेल्या शेजाऱ्यांना तिनं न विचारताच सांगितलं, "घरी केलं. आम्ही दोघींनी." मग मुलीकडे वळून म्हणाली, "जा, एक चक्कर मारून ये. रस्त्यावर कशी चालते ते कळायला हवं."

"मी?"

"ऑइलचे हात घेऊन मी बसू?"

मुलगी गेली. पहिलं वळण तिनं जपून घेतलं, दुसरं जरा सैल. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत तिची पाठ सीटला टेकली होती आणि खिडकीची काच खाली आली होती. कितीतरी दिवसांनी तिला आपण कोण आहोत ते आठवलं. सोमवारी हॉस्पिटलला फोन करायचा, तिनं ठरवून टाकलं.

कोपऱ्यावरचं गॅरेज दिसलं तेव्हा तिला राहवलं नाही. आईची फुशारकी आपण मिरवायची नाही तर कुणी? तिनं गाडी दारातच उभी केली.

"तुमचं एक गिऱ्हाईक गेलं," ती गॅरेजवाल्याला म्हणाली. "स्टिअरिंगचं ऑइल आईनं घरी बदललं. बघा फिरवून, एका बोटानं फिरतंय."

गॅरेजवाला हातातला पाना घेऊन तसाच उभा राहिला. "परत बदललं?"

"परत म्हणजे?"

"गेल्याच आठवड्यात मी बदलून दिलं होतं, ताई. काल त्या आणखी एक बाटली मागायला आल्या. मी म्हटलं, मावशी, कशाला पैसे घालवताय, गाडीला काहीसुद्धा झालेलं नाही."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाल्या, गाडीला झालंय असं मी कुठं म्हणतेय."