समेवरचा धा

तबलजी अंबादास मास्तरांचं हृदय यंत्राचं होतं आणि त्याचे ठोके उशाशी ठेवलेल्या सिक्वेन्सरवर लावलेले होते. सोळा बटणं, सोळा मात्रा. डॉक्टरांनी लावून दिलेला सपाट ठोका काढून मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात तिथे तीनताल बसवला होता. आता बाकीचं शरीर थकलं होतं. यंत्र थांबवायची परवानगीही आली होती.

"तिहाई लाव, कालिंदी," ते मुलीला म्हणाले. "मध्येच तोडायचं नाही. तोच तुकडा तीनदा, आणि शेवटचा धा समेवर. त्याच्यापुढे काही लावू नकोस."

कालिंदीने बटणं दाबली, दिवे लागत गेले. मग तिने ते आधी नुसतंच स्पीकरवर ऐकवलं. चादरीवर चालणारी मास्तरांची बोटं एकदम थांबली.

"सम चुकली. धा एक मात्रा अलीकडे पडतोय."

कालिंदीला ठाऊक होतं: सम चुकलेल्या तिहाईवर बाबा कधीच थांबत नसत. पुन्हा एक आवर्तन घेत.

"मुद्दाम केलंस?"

तिने मान खाली घातली.

मास्तरांनी तिचं बोट धरलं, समेच्या बटणावर ठेवलं आणि लहानपणी पहिला धा शिकवताना दाबलं होतं तसंच हलकेच दाबलं.