मी सांगतो, तू कर

ऑनलाइन मुलाखत वीस मिनिटांवर आली आणि हेमांगीचा लॅपटॉप नुसताच पीं-पीं करू लागला. पडदा काळाच. सहा वर्षांनी नोकरीची संधी आली होती आणि दाखवायचं सगळं काम त्यातच होतं.

“रॅम हललीय. पाठ उघड,” सासरे दारातून म्हणाले. आप्पांनी तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले होते. अर्धांगवायूनंतर मात्र हत्यारांना हात लावला नव्हता.

“तुम्हीच करा ना, आप्पा.”

त्यांनी थरथरता उजवा हात पुढे केला. “हा ऐकत नाही आता. मी सांगतो, तू कर.”

हेमांगीने झाकण उघडलं, रॅमची पट्टी काढली, तिची सोनेरी कड खोडरबराने पुसली. “तिरकी घाल. आता दाब. अजून!” खट्कन आवाज झाला. पडदा उजळला तेव्हा चार मिनिटं उरली होती.

तासाभराने मुलाखत आटोपून ती खोलीबाहेर आली. निकाल सोमवारी कळणार होता, पण आप्पांना काही विचारायचं सुचलंच नाही. शेजाऱ्यांचा बंद पडलेला मिक्सर ते स्वतःहून मागून घेऊन आले होते.

“ये, बस,” ते घाईने म्हणाले. “आधी खालचे स्क्रू काढ.”