अजून पांढरंच

"अजून पांढरंच आहे," मायक्रोस्कोपला डोळा लावूनच बाबा म्हणाले. "बॅग राहू दे. उद्या बघू."

लेकीनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. कालही हेच, परवाही हेच. माशांची पिल्लं मोठ्या टाकीत गेली की निघायचं, असं बाबांनीच ठरवलं होतं. इकडे तिची रजा संपत आलेली. मासे तळायला येईपर्यंत थांबणार का, म्हणून नवरा फोनवर चिडवत होता. मत्स्यबीज केंद्रातून बाबा निवृत्त झाले, तरी खिडकीतल्या काचेच्या भांड्यात अंडी फुटायची काही थांबली नव्हती.

नियम जुना. अंड्यातून निघालेलं पिल्लू आरपार दिसतं. रक्तसुद्धा जवळजवळ बिनरंगी, बाबांच्या भाषेत पांढरं. श्वास घेतं ते अंगभरच्या कातडीतून. कल्ले आधी पाण्यातले क्षार सांभाळायला शिकतात, श्वास मागाहून. मग कधीतरी रक्तात लाली उतरते, कल्ले कामाला लागतात आणि भांड्यातलं पाणी पुरेनासं होतं; तिथंच ठेवली तर पिल्लं गुदमरतात. तो दिवस टाकीचा.

लहानपणी हे बघायचं काम तिचं. स्टुलावर चढून डोळा लावायची. भांडं तिच्या उशाशी असायचं. ते जाऊ नये म्हणून, लाल दिसलं तरी खुशाल सांगायची, "पांढरंच आहे, बाबा." बाबा मान डोलवायचे. ठमाबाई म्हणतात म्हणजे असेलच, म्हणायचे. पिल्लं आणखी काही दिवस राहायची आणि एकही दगावायचं नाही. बाबांना आपण मस्त गंडवलं, असं तिला आजवर वाटत आलं होतं.

नातवाला घेऊन बाबा अंगणात गेले तेव्हा तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. कल्ल्यांच्या जाळीतून लाल धागे सरसर धावत होते. आजचे नव्हेत, चांगले मुरलेले. तिला रागच आला. हाक मारायला ती वळली, तर खिडकीखाली नळी दिसली, टोकाशी अजून ठिबकणारी. भांड्यात घालायला शिळं करून ठेवलेल्या पाण्याची बादली अर्धी झालेली. भांड्याखाली ओलं कडं.

हेच कडं लहानपणी रोज सकाळी तिच्या उशाशी असायचं. भांड्याला घाम येतो, असं बाबा सांगायचे.

"काय गं ठमे," अंगणातून आवाज आला, जरा चाचरत. "बघितलंस का?"

"बघितलं. पांढरंच आहे, बाबा," ती म्हणाली, आणि नळी उचलून पिल्लांचं पाणी बदलायला बसली.